चौतिसाव्या खंडाचा शेवट

एखाद्या बाईच्या तोंडावर, तिच्याच आयुष्यभराच्या कामाबद्दल, तासाभरात सहा वेळा खोटं बोलायचं तर अंगात बराच कोडगेपणा लागतो. माझ्या अंगात तो निघाला. मी जपानीतून खोटं बोलले, एकही चूक न करता, वर प्रत्येक वेळी कमरेत वाकून. त्या कार्यक्रमाबद्दल पुण्यात लोक अजून काय काय बोलतात. त्यातलं निम्मं चूक आहे, आणि उरलेलं निम्मं माझी बाजू घेऊन बोललेलं आहे, म्हणजे तेही चूकच. म्हणून एकदा मीच सांगते.

मी शैलजा ढमढेरे. चिंचवडला इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं जपानी दुभाषी आहे. आवाज मोठा आणि स्वभाव तिखट. यंत्रांच्या खडखडाटात दोन्हीकडच्या पुरुषांना गप्प करायचं तर दुसरा इलाज नसतो. मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, नाद मला नव्हता, तो आमच्या गार्गीने लावला. सात वर्षांची असताना ती वर्गातल्या कुणाकडून तरी ‘ओहोटीची वाट’ या चित्रकथेची इंग्रजी झेरॉक्स घेऊन आली आणि म्हणाली, “आई, तुला जपानी येतं ना? मग मला खरं पुस्तक वाचून दाखव.” कारखान्यातल्या एका जपानी साहेबांच्या बायकोने मला तिचा जपानीतला पहिला खंड दिला. उजवीकडून डावीकडे वाचायचं ते पुस्तक मी स्वयंपाक आटपला की मांडीवर घ्यायचे आणि चित्रांवर बोट ठेवत मराठीत सांगायचे. गार्गीचे बाबा, अनंत, वर्तमानपत्राआडून सगळं ऐकायचे आणि आपण ऐकत नाही असं दाखवायचे.

गोष्ट अशी. एका बेटावर चियो नावाची अकरा वर्षांची मुलगी राहते, तिला पाच वर्षांचा भाऊ आहे, हारू. ओहोटी लागली की बेट आणि किनारा यांच्यामध्ये वाळूची वाट उघडी पडते. त्या वाटेने भावंडं किनाऱ्याकडे निघतात, मध्येच धुकं येतं आणि हारू हरवतो. पुढचे तेहेतीस खंड चियो त्याच्या शोधात बेटामागून बेटं पालथी घालते. एका बेटावर खोटं बोललं की माणसाची सावली गळून पडते, एकावर लोक फक्त कालच्या दिवसाबद्दल बोलतात, असं काय काय. एकोणीस वर्षं ही गोष्ट चालली आणि हानाओका फुसाए नावाच्या बाईंनी ती एकहाती काढली. जपानात चित्रकथा काढणाऱ्यांनाही सेन्सेई म्हणतात, शिक्षकांना म्हणतात तेच. आम्हीही त्यांना सेन्सेईच म्हणायचो.

ती मराठीत आणणारे सुरुवातीला आम्ही आठजण होतो. एकजण पानं स्कॅन करायचा, दोघी संवादांच्या फुग्यांमधलं जपानी पुसायच्या, मी मराठी लिहायचे, बाकीचे ते फुग्यात बसवायचे. परवानगी वगैरे काही नाही, सरळ चोरी. पण इंग्रजी न येणाऱ्या पोरांपर्यंत ते दुसऱ्या कुठल्या रस्त्याने पोचणार होतं? पुढे ही वाचणारी पोरं इतकी वाढली की टोकियोच्या प्रकाशन कंपनीने आम्हालाच बोलावून मराठी आवृत्ती अधिकृत केली. कंपनीचं नाव घेत नाही, करारात तशी अट आहे. २०३५ पर्यंत अशी गत झाली की जपानात खंड निघाला की त्याच सकाळी तो एकसष्ट भाषांत निघायचा. मराठीत चार लाख वाचक होते. सांगलीच्या बाजारात चियोच्या टोपीसारख्या टोप्या मिळायला लागल्या, त्याही चुकीच्या रंगात.

मग कंपनीचं ‘समरस’ नावाचं यंत्र आलं. ते कसं चालतं हे मला कंपनीच्या निनाद पारसनीस नावाच्या इंजिनिअरने समजावलं. आपल्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीखाली थोडं रक्त येतं आणि ओसरतं. तेवढ्याने कातडीचा रंग जरासा बदलतो. माणसाच्या डोळ्याला तो बदल दिसत नाही, टॅबच्या कॅमेऱ्याला दिसतो. म्हणजे तुम्ही नुसतं समोर बसून वाचलंत तरी तुमची नाडी मोजता येते. त्याच कॅमेऱ्याला हेही कळतं की तुमच्या डोळ्यातली बाहुली कुठे मोठी झाली, नजर कुठल्या चौकटीवर अडली आणि कुठलं पान तुम्ही घाईघाईने उलटलंत. एवढ्यावरून यंत्र ठरवतं की या वाचकाला काय हवंय आणि काय सोसणार नाही, आणि तुमचं बोट पुढच्या पानावर जायच्या आत ते पान नव्याने काढून ठेवतं. सेन्सेईंची एकोणीस वर्षांची एकूण एक रेघ त्याने शिकून घेतलेली होती. म्हातारपणी त्यांच्या हाताला आलेला कंपसुद्धा त्याला जमायचा. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘आपल्यासाठी जुळवलेली आवृत्ती’ असं छापलेलं असे, पण ते कोण वाचतंय?

प्रत्येक भाषेसाठी कंपनीने एक माणूस नेमला होता, त्याला ‘प्रमाणक’ म्हणायचे. मराठीची प्रमाणक मी. माझ्या हातात एकच आकडा होता, ‘मूळनिष्ठा’ नावाचा. तो शंभरावर ठेवला तर यंत्र नुसतं भाषांतर करणार. नव्वदच्या आसपास ठेवला तर विनोद आणि खाण्यापिण्याचे पदार्थ वाचकाप्रमाणे बदलणार. त्याहून खाली आणला की गोष्टीतल्या घटनाच बदलायला लागणार. आकडा अख्ख्या भाषेला एकच, माणसागणिक वेगळा नाही. कंपनीला तो खाली हवा असायचा, कारण जुळवलेली गोष्ट वाचक अर्धवट सोडत नाहीत. मी दरवेळी भांडून तो ब्याण्णववर ठेवायचे. सेन्सेईंना कंपनीने एवढंच सांगितलं होतं की परदेशात पदार्थांची नावं वगैरे थोडी बदलतात.

त्या कार्यक्रमाच्या दीड वर्ष आधी अनंत गेले. संध्याकाळी वेताळ टेकडीवर फिरायला गेले असताना छातीत कळ आली, तिथेच दगडावर बसले आणि घरी गार्गीला फोन लावला. पाच बावन्नला एकदा, पाच पंचावन्नला पुन्हा. मला लावून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं, कारखान्यात आमचे फोन गेटवरच्या कपाटात असतात. गार्गीने फोन उचलला नाही. साडेसहाला टेकडीवर येणाऱ्या लोकांना ते सापडले. डॉक्टरांना मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही.

गार्गीने सगळ्यांना सांगितलं की फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. मी काही विचारलं नाही. तेराव्यानंतर एकदा घरच्या ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या, खात्यात काहीतरी बघत होते, तर तिथे स्वच्छ दिसलं की त्या दिवशी पाच चौतीसपासून पाच अठ्ठावन्नपर्यंत गार्गीच्या फोनवर ‘ओहोटीची वाट’वर काढलेल्या मालिकेचा एक भाग चालू होता. मध्ये न थांबता. मी ती ओळ पुसून टाकली आणि उठून भाजी चिरायला बसले. त्यानंतर आम्ही दोघी फार जपून वागायला लागलो. इतकं की एकमेकींवर आवाज चढवणंही बंद झालं, आणि आमच्या घरात आवाज चढवल्याशिवाय साधं मीठसुद्धा मागत नसत.

चौतिसावा, म्हणजे शेवटचा खंड जपानीतून माझ्याकडे आला तो या पार्श्वभूमीवर. गार्गी कामावर गेली असताना मी तो एका बैठकीत वाचला. चियो सगळी बेटं संपवून पुन्हा त्याच वाळूच्या वाटेवर येते, आणि तिथे तिला मान्य करावं लागतं की हारू पहिल्याच दिवशी बुडाला. ती शोधत होती ते त्याला नाही, घरी न जाण्याची सबब शोधत होती. मग ती घरी जाते. दारात आई उभी आहे. शेवटच्या पानावर एकच फुगा आहे. ‘आई, मीच हात सोडला. त्याने शेंबूड पुसला होता, हात चिकट झाला होता, म्हणून सोडला.’ आईचा चेहरा सेन्सेईंनी काढलेलाच नाही. तिथे कोरा कागद.

मला दुसरं कुणी दिसेना, गार्गीच दिसायला लागली. ही गोष्ट तिने सातव्या वर्षापासून जिवाशी धरलेली; हे पान तिने वाचलं तर ती उभी राहील का, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. मी मूळनिष्ठेचा आकडा ब्याण्णववरून चाळीसवर आणला. कंपनीला कळवलं की मराठी वाचकाला एवढा कडू शेवट पचणार नाही. त्यांना तर हेच हवं होतं, दोन मिनिटांत मंजुरी आली. एका पोरीसाठी मी चार लाख लोकांची पानं बदलली, आणि त्या पोरीलाही विचारलं नाही.

खंड निघाला त्या सकाळी गार्गी गॅलरीत टॅब घेऊन बसली. मी दारातून बघत होते. तिच्यासाठी यंत्राने काढलेला शेवट नंतर मी तिच्या टॅबवर पाहिला. त्यात हारू सापडतो, चांगला दाढीमिशीवाला झालेला, आणि म्हणतो, ‘ताई, तू हात सोडलाच नव्हतास. मीच सोडवून घेतला होता.’ तिच्या नाडीवरून यंत्राला बरोबर कळलं होतं की कुठे फुंकर घालायची. मला वाटलं होतं ती रडेल, मोकळी होईल. तिने टॅब मिटला, “बरं केलंय,” म्हणाली आणि आंघोळीला गेली. त्यानंतर ‘ओहोटीची वाट’ हा शब्द तिने तोंडातून काढला नाही.

वाचकांमध्ये बोंब उठली नाही, याला दोन कारणं होती. मांगावाल्यांचा आपसात नियम आहे की शेवट महिनाभर कुणी उघड करायचा नाही. आणि ॲपवरच्या प्रतिक्रियाही यंत्रच निवडायचं. तुम्हाला त्याच लोकांच्या दाखवायचं ज्यांना तुमच्यासारखाच शेवट मिळालाय. सगळे आपापल्या शेवटावर खूश होते.

दहा दिवसांनी सेन्सेई पुण्यात आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, पायात साधे कापडी बूट. त्यांच्या अटी दोनच होत्या. यंत्राचा दुभाषी नको, माणूस हवा. आणि लोकांनी फोन-टॅब बाहेर ठेवून यावं. निनादने मला बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, तेवढं सांभाळून घ्या.” तिकीट काढलेल्या सहाशे लोकांमध्ये गार्गीही होती. मी नको म्हटलं होतं, पण तरी आली.

कार्यक्रम दुपारी तीनचा. त्याआधी रंगपटात आम्ही दोघीच चहा पीत होतो. मी काहीतरी प्रवास कसा झाला वगैरे विचारत होते, तर त्या मध्येच म्हणाल्या, “ढमढेरेसान, ते शेवटचं पान काढायला मला एकोणीस वर्षं लागली. आधीचे तेहेतीस खंड मी ते पान टाळण्यासाठी काढले.” मग कप खाली ठेवून म्हणाल्या, “जपानात त्या पानाबद्दल माझ्याशी कुणी बोलत नाही. आदराने गप्प बसतात. तुमच्याकडे लोक तोंडावर बोलतात असं ऐकलं. म्हणून या वयात एवढ्या लांब आले. मला फक्त एवढंच ऐकायचंय की त्या मुलीला पुढे कुणी घरात घेतलं का.”

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. मी म्हटलं, “चहा अजून घेणार का?”

सभागृह खच्चून भरलेलं. पहिलाच प्रश्न विचारायला चियोची टोपी घातलेला एक जाडजूड तरुण उठला. म्हणाला, “सेन्सेई, हारू आणि चियो हातात हात घालून घरी जातात त्या पानासाठी तुमचे आभार. मी ते फ्रेम करून लावलंय.” सेन्सेई माझ्याकडे बघत होत्या. मी जपानीत म्हटलं, “हा म्हणतो की शेवटचं पान वाचून तो फार वेळ गप्प बसून होता.” सेन्सेईंनी मान झुकवली. दुसरी एक बाई उठली, तिच्या खंडात हारू एका बेटावर शाळामास्तर झाला होता. मी सांगितलं, “त्यांना आपल्या लहानपणची आठवण झाली.” तिसऱ्याच्या खंडात हारूचं लग्न होतं. असे सहाजण झाले. प्रत्येकाला आपलाच शेवट खरा वाटत होता आणि तो उघड न करण्याच्या नियमामुळे जो तो अर्धवटच बोलत होता, म्हणून सभागृहाला अजून पत्ता लागला नव्हता. जपानी येणारे पाच-पंचवीसजण तिथे असणारच. ते एकमेकांकडे बघायला लागले होते. पण मी सभ्यपणासाठी फिरवून सांगते आहे असं त्यांना वाटलं असावं, कारण पुण्यात असूनही कुणी टोकलं नाही.

माझ्या ब्लाउजची पाठ घामाने भिजली होती. सेन्सेई प्रत्येक उत्तरानंतर वहीत काहीतरी लिहून घेत होत्या. शेवटी त्या हळूच मला म्हणाल्या, “सगळे स्वतःबद्दल बोलतात. चियोबद्दल कुणीच का बोलत नाही?”

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक सावळी, उंच बाई उठली. “मी वैजयंता लोखंडे. कराडला हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, आयसीयूत. मला फक्त विचारायचंय की चियो दारात उभी राहून ते सांगते ना, हात चिकट होता म्हणून सोडला, त्यावर आई काय म्हणाली? तुम्ही आईचं तोंडच काढलं नाहीत. मला चार दिवस झोप नाही.”

सभागृहात कुजबुज झाली. टोपीवाला तरुण मागे वळून म्हणाला, “अहो ताई, हारू जिवंत आहे. तुम्ही नीट वाचलं नाहीत.”

“नीट वाचलंय. तो पहिल्याच दिवशी जातो.”

“जातो कुठे? मास्तर होतो,” मघाची ती दुसरी बाई म्हणाली.

“मास्तर कुठला, त्याचं लग्न होतं.”

मग सगळेच बोलायला लागले. शेवट न सांगण्याचा नियम वगैरे उडाला. दोन मिनिटांत सहाशे लोकांना कळलं की त्यांनी सहाशे वेगळी पुस्तकं वाचलीत. कुणीतरी लोखंडेबाईंना विचारलं, तुमचीच आवृत्ती अशी कशी? त्या म्हणाल्या, “आमच्याकडे वॉर्डात कॅमेरा उघडा ठेवायला बंदी आहे. टॅबला पट्टी मारलेली असते. मी ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत वाचते.” कॅमेरा बंद असला की यंत्राला नाडी दिसत नाही, आणि नाडी दिसली नाही की ते बापडं मूळ पान तसंच्या तसं दाखवतं. चार लाखांत खरा शेवट तिच्यासारख्या मोजक्यांनीच वाचला असणार.

सेन्सेईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “काय चाललंय?”

अजूनही खोटं बोलता आलं असतं. वाचक उत्साहात आहेत, वगैरे. पण तिसऱ्या रांगेत गार्गी उभी राहिली होती. ती सेन्सेईंकडे नाही, माझ्याकडे बघत होती. जपानी ती कधी शिकली नाही, आई आहे ना म्हणायची. पण माझा चेहरा तिला वाचता येतो. “आई,” ती तिथूनच म्हणाली, “खरा शेवट कोणता आहे?”

मी सेन्सेईंकडे वळले आणि जपानीत सगळं सांगितलं. यंत्राचं, आकड्याचं, मघाच्या सहा खोट्यांचं, लोखंडेबाईंच्या प्रश्नाचं. त्या न हलता ऐकत होत्या. मग विचारलं, “आकडा कुणी बदलला?”

“मी.”

“का?”

“माझ्या मुलीला ते पान सोसणार नाही असं वाटलं.”

“मुलीला विचारलंत?”

“नाही.”

त्या चिडतील, उठून जातील, मला थोबाडीत मारतील, काहीही चाललं असतं. त्यांनी आधी काठी टेकत उठून लोखंडेबाईंच्या दिशेने वाकून नमस्कार केला. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, “आता मी सांगते. तुम्ही फक्त बोला.”

आमच्या कामात एक पद्धत आहे. समोरचा ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचं. ‘साहेबांना राग आलाय’ असं नाही, ‘मला राग आलाय’ असं. सव्वीस वर्षं मी ते डोकं बाजूला ठेवून केलंय. त्या दिवशी माईक माझ्या हातात होता, समोर सहाशे लोक होते, आणि मी बोलायला लागले.

“मी अकरा वर्षांची होते. माझा भाऊ पाच वर्षांचा. त्याने नाक पुसून तोच हात माझ्या हातात दिला. मला किळस आली. मी हात सोडला आणि पुढे चालायला लागले. मागे वळले तेव्हा धुकं होतं. घरी येऊन मी सांगितलं की तो हात सोडवून पळाला.”

सेन्सेई छोटी छोटी वाक्यं बोलत होत्या, मला जमावं म्हणून थांबत होत्या.

“माझ्या आईने त्यावर कधी काही विचारलं नाही. ती माझ्याशी फार चांगली वागली. चाळीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. ती गेल्यावर मावशीने सांगितलं की आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. किनाऱ्यावरच्या एका कोळणीने पाहिलं होतं. मला दुखू नये म्हणून ती बोलली नाही. तिला कळू नये म्हणून मी बोलले नाही. दोघींची चाळीस वर्षं त्यातच गेली. ती दारात काय म्हणाली असती ते मला माहीत नाही. म्हणून मला तिचा चेहरा काढता आला नाही.”

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून धड निघालं नाही, दोनदा म्हणावं लागलं. मागून लोखंडेबाई उठल्या. डोळे पुसत, पण वॉर्डात नातेवाइकांशी बोलतात तशा ठाम आवाजात म्हणाल्या, “मॅडम, सेन्सेईंना सांगा. मी त्या पोरीला घरात घेतलं. चारही रात्री घेतलं.” मी सांगितलं. सेन्सेईंनी तोंडावर रुमाल धरला आणि बराच वेळ तो खाली घेतला नाही.

पुढचं लोकांना माहीत आहे. कंपनीने दुसऱ्या दिवशी माझं प्रमाणकपद काढून घेतलं, ते योग्यच केलं. चौतिसावा खंड मराठीत मूळनिष्ठा शंभरावर ठेवून पुन्हा निघाला. त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर सेन्सेईंची मी माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, “माझी मागून झाली. आता बाहेर जा, तुमची मुलगी मघाशीच उठून गेली.”

गार्गी सभागृहाच्या मागच्या जिन्यावर बसली होती, जिथून पार्किंगला उतरतात. मी दोन पायऱ्या वर उभी राहिले. लोक आमच्या बाजूने उतरून गाड्या काढत होते. तिने वर पाहिलं नाही.

“यंत्राने मला जे पान दिलं ना,” ती म्हणाली, “ते वाचताना कळलं की हे मला बरं वाटावं म्हणून कुणीतरी मुद्दाम काढलंय. अजूनच घाण वाटलं.” मग म्हणाली, “आई, फोन आतल्या खोलीत नव्हता. माझ्या हातातच होता. एपिसोड संपायला सहा मिनिटं होती. मी म्हटलं, नंतर लावते बाबांना.”

“माहीत आहे मला.”

तिने आता वर पाहिलं. “कधीपासून?”

“तेराव्यानंतर. खात्यात दिसलं होतं. मी पुसून टाकलं.”

“म्हणजे दीड वर्ष तुला माहीत होतं, आणि तू मला गरम पोळ्या वाढत होतीस.”

“हो.”

“का बोलली नाहीस? मी एकटी सडत होते गं.”

“भीती वाटत होती,” मी म्हटलं. “तू हो म्हणाली असतीस तर माझ्या तोंडून काय निघालं असतं त्याची.”

“काय निघालं असतं?”

“चिडले असते. फार चिडले असते मी.”

“मग चीड ना,” गार्गी म्हणाली. “आता चीड. मी कधीची वाट बघतेय.”

मी चिडले. त्या जिन्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, कारखान्यातल्या आवाजात चिडले. म्हटलं, बाबांचा फोन होता तो, एकदा नाही, दोनदा आला, ते उगाच कधी फोन करायचे का, तो ॲनिमे काय पळून जाणार होता, सहा मिनिटं थांबवायला तुझं बोट झिजलं असतं का, माझा नवरा तिथे दगडावर एकटा बसला होता गं. लोक थबकून बघत होते, बघोत. गार्गी एकेका वाक्याला मान हलवून हो म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. एकदाही तिने मला थांबवलं नाही. माझा आवाज बसला तेव्हा ती पायरीवर थोडी सरकली.

“बस इथे,” ती म्हणाली. “अजून आहे तुझ्या पोटात. ते पण बोल.”

मी बसले.